पोटात अकरा चिठ्ठ्या

"बाई, ही तक्रारपेटी शेवटची कधी उघडली होती?"

प्रार्थना संपली होती. मोठ्या बाईंनी माइकवरून "कुणाला काही विचारायचंय?" असं विचारलं होतं. हे त्या रोज विचारतात आणि उत्तराची वाट न बघता रोज माइक बंद करतात. त्या शुक्रवारी मात्र नववीच्या रांगेतून एक हात वर आला आणि हातामागून हा प्रश्न आला. सगळ्या शाळेने माना वळवून आधी त्या मुलीकडे पाहिलं आणि मग, कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच, माझ्याकडे.

कारण मित्रांनो, ती पेटी म्हणजे मी!

मी एक जुनी, पत्र्याची, पोट सुटलेली तक्रारपेटी आहे. व्हरांड्यातल्या खांबावर, ऑफिसच्या दाराशेजारी आणि पिण्याच्या पाण्याच्या नळांच्या बरोबर वर मला टांगलंय. आता तुम्हीच सांगा, तक्रारपेटी लावायची ही जागा आहे का? ज्याच्याविरुद्ध लिहायचं तो नळाशी उभा, ज्यांनी वाचायचं ते दाराआड बसलेले, आणि मधोमध चिठ्ठी मुठीत धरून घाम पुसणारं लिहिणारं पोर. माझी जागा ठरवणाऱ्याने मला रिकामा खिळा कुठे आहे एवढंच बघून लावलं, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

खरं तर मी तक्रारींसाठी जन्मालाच आले नव्हते. पत्र्याची कामं करणाऱ्या एका कारागिराने मला घडवलं ते टपालपेटी म्हणून. दारावर लावायला म्हणून कुणीतरी माझी मागणी नोंदवून ठेवली होती. वाढदिवसाची कार्डं, लग्नाची आमंत्रणं, मावशीची खुशालीची पत्रं असलं काहीबाही पोटात पडेल म्हणून मी हरखून गेले होते. पण ते गिऱ्हाईक काही आलंच नाही. आला शाळेचा कारकून. कारागिराने माझ्यावरचं "टपाल" खरवडलं, लाल रंग दिला, "तक्रार व सूचना" असं लिहिलं आणि दोन किल्ल्या कारकुनाच्या हातात ठेवून म्हणाला, "पेटी मी मजबूत केलीय, साहेब. उघडायची आठवण तेवढी तुमची तुम्ही ठेवा."

त्या माणसाला भविष्य कळत असावं.

सुरुवातीची वर्षं माझी भलतीच धामधुमीची गेली. तेव्हा शाळेत मोठे सर होते. माणूस प्रेमळ, आवाज खणखणीत, आणि घाई अशी की जणू मागे कुत्रं लागलंय. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते मला स्वतः उघडायचे आणि चिठ्ठ्या प्रार्थनेत मोठ्याने वाचायचे. नावासकट! पारदर्शक कारभार म्हणे. मग ज्याने लिहिलं आणि ज्याच्याबद्दल लिहिलं त्या दोघांना मंचावर बोलवायचे आणि म्हणायचे, "मिळवा हात. आता हसा. संपला विषय!" की टाळ्या.

पाचवीतला एक बारका मुलगा होता. त्याचा एक बूट रोज कुणीतरी छपरावर फेकायचं. त्याने बिचाऱ्याने मान खाली घालून मला चिठ्ठी दिली. सोमवारी सरांनी ती वाचली, आठवीच्या एका धिप्पाड मुलाला बोलावलं आणि दोघांचे हात मिळवले. त्या धिप्पाडाने हात असा काही दाबला की बारक्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला ते दिसलं. सरांना नाही दिसलं, कारण ते टाळ्या वाजवत होते. पूर्वी एक बूट छपरावर जायचा. त्या संध्याकाळी दोन्ही गेले.

त्यानंतर माझ्याकडे चिठ्ठ्या यायच्या कमी झाल्या, मग थांबल्याच. कोण कशाला येईल? आणि कळस ऐका. वर्षाच्या शेवटी सरांनी अहवालात लिहिलं, "यंदा शाळेत एकही तक्रार नाही." शाळेच्या अंकात माझा फोटो छापून आला. तपासणीला आलेल्या साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "पेटी असावी तर अशी!" माझ्या आयुष्यात माझं झालेलं हे एकमेव कौतुक, आणि तेही मी रिकामी आहे म्हणून. तोंड आहे पण जीभ नाही, नाहीतर तिथल्या तिथे सुनावलं असतं.

मोठे सर निवृत्त झाले आणि मोठ्या बाई आल्या. एक किल्ली सरांच्या खणाबरोबर अडगळीत गेली. दुसरी शिपाईमामांच्या जुडग्यात गेली. त्या जुडग्यात चाळीस किल्ल्या आहेत आणि मामांना त्यांतल्या सहा ओळखता येतात. पुढे शाळेला रंग लागला तेव्हा रंगाऱ्याने भिंतीबरोबर खांब रंगवला, खांबाबरोबर मला रंगवलं आणि माझ्याबरोबर माझं कुलूपही रंगवून टाकलं. दोनदा! रंग आत जाऊन वाळला. तेव्हापासून माझं तोंड तेवढं उघडं आणि दार कायमचं बंद. पोरांनी माझ्यात गोळ्यांचे कागद टाकले, चघळून झालेलं च्युइंगम टाकलं, कुणी गणिताची कॉपी लपवली. एका पालीने आत संसार थाटला. मी सगळं सोसलं.

पण या वर्षी माझ्या पोटात खरोखरच्या चिठ्ठ्या पडायला लागल्या.

आलेखवहीचा चौकटीचा कागद, चौपदरी घडी, वर तारीख. ती मुलगी यायची ते बाकीचा वर्ग मैदानावर असताना. निळं दप्तर पोटाशी धरून, चवड्यांवर उभी राहून ती चिठ्ठी सरकवायची आणि नळाकडे न बघता परत जायची. मी तिला चिठ्ठीवाली म्हणते. वर्गात तिला काय म्हणतात ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय गोष्ट पुढे जाणार नाही. ती बोलताना अडखळते. पहिलं अक्षर ओठांशी येऊन थांबतं, ती डोळे मिटते, आणि मग अख्खं वाक्य एकदम बाहेर येतं. एवढंच. तर वर्गाने तिचं नाव ठेवलंय 'बफरिंग'.

हे नाव ठेवलं कुणी? प्रार्थनेत हात वर करून तो शूर प्रश्न विचारणाऱ्या मुलीनेच. तिला शाळेत भिंगरी म्हणतात.

भिंगरीला मी ती सातवीत असल्यापासून ओळखते. तेव्हा ही मुलगी इतकी गप्प होती की वर्गात बसलेली असूनही दोनदा तिची गैरहजेरी लागली. आठवीत एके दिवशी नळाशी तिने सहज विज्ञानाच्या सरांच्या शिंकेची नक्कल केली. रांगेतली पोरं पाणी प्यायची सोडून हसत सुटली. भिंगरी स्वतःच दचकली. आपल्याला आवाज आहे हे तिला त्या दिवशी कळलं! मला सुद्धा खूप बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग बसच्या ड्रायव्हरकाकांची झाली, शिपाईमामांच्या चालण्याची झाली. व्हॉलीबॉलच्या संघाची कप्तान आणि तिची सावली लांबवेणी या दोघींनी भिंगरीला आपल्यात घेतलं. दोन बाजूंना दोन मैत्रिणी आणि मध्ये ही, गरागरा फिरणारी. आणि मग एकदा कप्तान म्हणाली, "ए, तिची कर ना!"

भिंगरीने चिठ्ठीवालीची केली. हुबेहूब केली. माझ्या बरोबर खाली, या नळाशी. हशा असा झाला की ऑफिसातून कारकून डोकावला. त्यानंतर रोज फर्माईश. अगं बाई, ज्या गळ्यातून इतक्या उशिरा आवाज फुटला, त्या गळ्याने दुसरीचा आवाज दाबायचा? मी किती चिडले म्हणून सांगू! पण पत्र्याची पेटी चिडली तर करते काय? उन्हाने तापते.

तर त्या गुरुवारी नळाशीच पैज लागली.

"एवढी बोलतेस ना, उद्या प्रार्थनेत विचारून दाखव," कप्तान माझ्याकडे बोट करून म्हणाली. "ही पेटी कधी उघडली होती म्हणून."

"बाईंचं तोंड बघण्यासारखं होईल," लांबवेणी खिदळली. "नाही विचारलंस तर तू भित्री भागूबाई."

"मी? आणि भित्री?" भिंगरीने ओंजळीतलं पाणी दोघींवर उडवलं. "बघाच उद्या."

आणि तिने विचारलं.

माइक खरखरला. मग मोठ्या बाई मामांकडे वळल्या. "मामा, कधी उघडली होती?"

"ती उघडत नाही, बाई."

"का?"

"कुलपात रंग गेलाय."

"कधी?"

"मागच्या रंगकामाला," मामांनी डोकं खाजवलं. "नाही, त्याच्या मागच्या. म्हणजे दोन्ही वेळेला."

शाळा हसली. मोठ्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी सगळ्यांना वर्गात पाठवलं आणि मामांना माझ्यापुढे उभं केलं. चाळीस किल्ल्या एकेक करून लावून झाल्या. "ही ग्रंथालयाची. ही प्रयोगशाळेची. ही कशाची ते देवालाच ठाऊक." शेवटी मामांनी पेचकस आणला, रंग खरवडला, कुलपावर चार ठोके हाणले आणि माझं दार कुरकुरत उघडलं. आत उजेड आला! मला गहिवरून यायला हवं होतं, पण मामा म्हणाले, "शी! केवढा कचरा!" आणि माझ्या भावनांवर पाणी पडलं.

आता आमच्या शाळेची एक जुनी रीत ऐका. जो विचारेल, त्यानेच करायचं. पंखा का बंद आहे असं विचारलं की तक्रारीचा अर्ज तूच लिही. बाग का सुकली असं विचारलं की झारी तुझ्याच हातात. त्यामुळेच तर या शाळेत कुणी काही विचारत नाही! तर मोठ्या बाईंनी भिंगरीला बोलावलं, खोक्यात भरलेला माझ्या पोटातला ऐवज तिच्या हवाली केला आणि म्हणाल्या, "छान प्रश्न विचारलास. आता तूच या चिठ्ठ्या विषयवार लाव. सोमवारी पालकसभा आहे, त्याआधी माझ्या टेबलावर हव्यात."

चोराच्याच हाती किल्ली, आणि बाईंना त्याचा पत्ताही नाही. मी वैतागून करकरले, पण दार वाऱ्याने वाजलं असं सगळ्यांना वाटलं.

शेवटच्या तासाला भिंगरी माझ्या खालच्या बाकावर खोकं घेऊन बसली. कप्तान आणि लांबवेणी मदतीला म्हणून आल्या आणि धिंगाण्याला बसल्या.

"'पंख्याचा वारा फक्त सरांनाच लागतो,'" भिंगरी सरांच्या आवाजात वाचत होती. "'गणित हा विषय ऐच्छिक करावा.' मंजूर! 'नववीतली कप्तान फार भाव खाते.'"

"कुणी लिहिलं?" कप्तान उसळली.

"निनावी आहे." भिंगरीने पुढची घडी उलगडली. चौकटीचा कागद. "ऐका, ऐका. 'माझ्या वर्गातल्या तीन मुली मी बोलायला लागले की हसतात. मी नाव लिहीत नाही, कारण मग प्रार्थनेत वाचतील आणि हात मिळवायला लावतील. मला कुणाशी हात मिळवायचा नाही. मला फक्त हजेरी नीट द्यायची...'"

वाक्य संपेपर्यंत तिचा नकलेचा आवाज गळून पडला होता.

"कोण गं या तीन?" लांबवेणीने विचारलं, आणि विचारता विचारताच तिला कळलं.

"आपलं नाव आहे का त्यात?" कप्तानने कागद हिसकावून पाहिला. "नाहीये. मग झालं तर! फाड."

"अजून आहेत," भिंगरी म्हणाली. "सगळ्या ह्याच कागदाच्या. दहा... अकरा आहेत."

"मग अकराही फाड. कुणाला कळणारे? पेटी थोडीच बोलणार आहे?" कप्तानने घड्याळात पाहिलं. "आमचा सराव आहे. आम्ही निघतो. फाडून ये गं. आणि फार विचार करू नकोस, गंमतच होती ना ती."

दोघी गेल्या. व्हरांड्यात भिंगरी आणि मी. पेटी बोलत नाही म्हणे! अगं, इतके महिने मी आणखी काय करत होते?

भिंगरीने तारखा बघून चिठ्ठ्या ओळीने लावल्या. तिसरी उघडली. "मी 'हजर' म्हणेपर्यंत मागून 'बफरिंग, बफरिंग' चालू होतं. आज बाईसुद्धा हसल्या. त्यांना वाटलं, मोबाइलबद्दल काहीतरी चाललंय."

पाचवी. "तीन दिवस झाले, मी पाणी प्यायला गेले नाही. डबा खाताना ठसका लागला तरी गेले नाही. नळाशी त्या असतात."

सातवी. "नक्कल करणारी हुबेहूब करते. काल घरी आरशासमोर धडा वाचून बघितला. मला माझा आवाज येईना. तिचाच येत होता."

भिंगरीने चिठ्ठी उलटी ठेवली. नळाशी जाऊन पाणी प्यायली. परत आली. या मुलीला एका जागी बसवत नाही म्हणून तर हिचं नाव भिंगरी, पण त्या दिवशी ती नवव्या चिठ्ठीवर बसली ती बसलीच.

"सातवीत ती माझ्या शेजारी बसायची. तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. तिला वर्गाबाहेर जायचं असलं की ती बाकाखालून माझा हात दाबायची, आणि मी उभी राहून विचारायचे, 'बाई, हिला जाऊ दे का?' मला पण वेळ लागायचा. पण मी विचारायचे. ती विसरली असेल."

भिंगरीने तोंड उघडलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. पहिलं अक्षर ओठांशी आलं आणि तिथेच थांबलं. ही नक्कल नव्हती.

अकरावी चिठ्ठी त्याच आठवड्यातली होती. "सोमवारी पालकसभा आहे. त्याच दिवशी बाबा माझ्या दाखल्याचा अर्ज देणार आहेत. नवी शाळा दोन बस बदलून आहे. तिथे मला कुणी ओळखत नाही, ते बरं. ही शेवटची चिठ्ठी. ही पेटी कुणी उघडत नाही, हे मला कधीच कळून चुकलं होतं. पण दुसरीकडे कुठे टाकणार?"

मग त्या पोरीने काय केलं माहितीये? फाडल्या नाहीत, म्हणून मी हुश्श म्हणणार तेवढ्यात तिने अकराच्या अकरा चिठ्ठ्या पुन्हा माझ्या तोंडात कोंबायला सुरुवात केली! म्हणजे ना फाडणं, ना देणं. जिथून आल्या तिथे परत, आपण काही पाहिलंच नाही. कपाळ माझं! पण माझं दार खालून उघडंच होतं. तिने वरून एक टाकली की खालून बाहेर. दुसरी टाकली, तीही तिच्या पायाशी. तिने उचलून पुन्हा टाकली, ती पुन्हा पडली. इतकी वर्षं जे पडेल ते मी मुकाट पोटात ठेवलं. आता जमत नाही म्हणजे नाही.

"ठेव ना गं," ती मला म्हणाली. खरंच मला म्हणाली! "ठेव ना."

नाही ठेवत, जा.

तिने खाली बसून एकेक चिठ्ठी गोळा केली, धूळ झटकली आणि दप्तरात घातली. बाकीच्यांचे गठ्ठे करून ऑफिसात दिले. आणि ती गेली.

शनिवार-रविवार शाळेला सुट्टी असते, मला नसते. दोन दिवस मी दार लोंबकळत ठेवून नुसती धुमसत होते. फाडल्या असतील का? जाळल्या असतील? की आपल्या नव्या आवाजात मैत्रिणींना वाचून दाखवल्या असतील? मित्रांनो, या दोन दिवसांत मला एक कळलं. मला वाटायचं, माझी आबाळ म्हणजे गंजलेले कोपरे आणि च्युइंगम. तसं नाही. मला घासूनपुसून लख्ख ठेवाल, वर नवा रंग द्याल, पण आतलं वाचणार नसाल, तर मी कचऱ्याचा डबाच. आणि वाचून लिहिणाऱ्यालाच मंचावर उभं करणार असाल, तर मग कचऱ्याचा डबा परवडला. माझी खरोखर काळजी घ्यायची असेल तर मला नळापासून हलवा, दर आठवड्याला उघडा, जे लिहिलंय ते हळू आवाजात वाचा आणि लिहिणाऱ्याला आधी विचारा, "तुला काय हवंय?" इतकी वर्षं हा साधा प्रश्न कुणी विचारला नाही. हात मात्र शेकड्याने मिळवले!

सोमवार उजाडला. मामांनी सकाळी मला एक छोटंसं नवं कुलूप लावलं आणि किल्लीला लाल दोरा बांधला, ओळखू यावी म्हणून. दुपारपासून पालक यायला लागले. माझ्या खालच्या बाकावर चिठ्ठीवाली आणि तिचे बाबा येऊन बसले. ते शिंपी आहेत. गळ्यात मोजपट्टी तशीच राहिली होती, घाईत काढायची विसरले असणार. हातात घडी घातलेला अर्ज. चिठ्ठीवाली निळं दप्तर पोटाशी धरून नळांकडे पाठ करून बसली होती.

"एकदा पुन्हा विचार कर, बाळा," बाबा हलकेच म्हणाले. "काय झालंय ते तरी सांग. अर्जात कारण लिहावं लागतं."

"ल... लांब पडते, असं लिहा."

"अगं, घराच्या मागे तर आहे शाळा."

बाबा मोजपट्टीचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

तेवढ्यात ऑफिसचं दार उघडलं आणि भिंगरीचे आईबाबा बाहेर आले. आई दवाखान्यात परिचारिका आहेत, ड्युटी संपवून थेट आलेल्या. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. दोघांचे चेहरे फुललेले. मोठ्या बाई दारापर्यंत पोचवायला आल्या होत्या.

"दोन वर्षांपूर्वी हिच्या तोंडून शब्द निघत नव्हता," बाई म्हणत होत्या, "आणि परवा प्रार्थनेत चक्क मलाच प्रश्न विचारला! किती खुललीय तुमची मुलगी."

"घरी तर बघायलाच नको," आई कौतुकाने म्हणाल्या. "सगळ्यांच्या नकला करते. मागे एका अडखळत बोलणाऱ्या मुलीची केली होती, काय तिचं ते नाव, हां, बफरिंग! हे तर हसता हसता खुर्चीवरून पडायचे राहिले."

"अहो, करतेच तशी," बाबा हसून म्हणाले.

बाकावरची मोजपट्टी थांबली. शिंपीबाबांनी मुलीकडे पाहिलं. चिठ्ठीवालीने दप्तरात तोंड खुपसलं. आता कारण विचारायची गरज उरली नव्हती. मी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तापले होते. अहो, मागे वळून बघा ना! ज्यांच्यावर हसलात ते हातभर अंतरावर बसलेत!

जिन्यावरून धाडधाड पावलं वाजली. भिंगरी. मागून कप्तान आणि लांबवेणी, "ए, थांब गं, वेडेपणा करू नकोस," म्हणत. भिंगरीच्या एका हातात अकरा चिठ्ठ्या होत्या, रबर लावलेल्या. दुसऱ्या हातात आणखी एक कागद, आलेखवहीचाच, चौपदरी. ती सरळ माझ्याकडे आली. बारावी चिठ्ठी माझ्या तोंडाशी नेली आणि थांबली.

"पेटीत टाकणार होते," ती स्वतःशीच पुटपुटली, "पण ही परत कधी उघडतील कुणास ठाऊक."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला नीट ओळखलं.

"काय गं, एवढी धावत?" आईने विचारलं. "बाई तुझं किती कौतुक करत होत्या, ऐकलंस का?"

"ऐकलं." भिंगरीने मान हलवली. मग बाकाकडे बघितलं. चिठ्ठीवालीने दप्तरातून डोकं वर काढलं होतं. भिंगरीला बोलायला वेळ लागला, आणि त्या वेळात कुणीही हसलं नाही.

"आई, बाबा, आपण जिच्यावर हसलो ना, ती मुलगी ही इथे बसलीय. सातवीत मला बोलता यायचं नाही तेव्हा माझ्यासाठी हीच बोलायची. ते नाव मी ठेवलंय. ह्या अकरा चिठ्ठ्या तिच्या आहेत आणि बारावी माझी. त्यात माझं नाव आहे, वर्ग आहे, हजेरी क्रमांक आहे, आणि मी काय काय केलं ते सगळं आहे. कप्तान आणि लांबवेणीने आपापलं लिहायचं की नाही ते त्यांनी बघावं. मी आता हे बाईंच्या हातात देणार आहे. प्रार्थनेत काय वाचायचं, वाचायचं की नाही, ते ही ठरवेल. हिला हात मिळवायला कुणी लावायचं नाही, तुम्हीपण नाही. आणि कुणाला दोन बस बदलून दुसऱ्या शाळेत जावंच लागणार असेल, तर मी जाईन. ही नाही."